पॅरिसला जाताय? एक सकाळ आल्फोरव्हिलला द्या

पहिल्यांदाच जाताय, तर यादीत पॅरिसला लागून असलेलं आल्फोरव्हिल हे उपनगर घालाच. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून आरईआर डी ही उपनगरी रेल्वे पकडा, पुढचंच स्टेशन. ऑटोमन साम्राज्यातल्या 1915 च्या नरसंहारातून वाचलेली आर्मेनियन कुटुंबं 1920 च्या दशकात इथे स्थिरावली, म्हणून खायला आर्मेनियन बेकरी गाठा. आत शिरताच आधी ‘बोंझूर’ (नमस्कार), मगच मागणी. ते न म्हणणं तिथे उद्धटपणा वाटतो. गरम लाहमाजून घ्या: पातळ पोळी, वर खिम्याचा थर, लिंबू पिळून गुंडाळी करून खायची. शाकाहारी असाल तर चीजचं बोरेक (पातळ पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ) आहे का विचारा. मग पायीच सेन आणि मार्नच्या संगमावर जा. संगमाचं अप्रूप आपल्याला असतंच, आणि इथे काठावर चक्क चिनी छपरांचं शिनागोरा हे हॉटेल-संकुल उभं आहे! रविवारी दुपारी मात्र बरीच दुकानं बंद मिळतील.