पालक हिरवागार, पण जमीन?

प्रश्न : जालना जिल्ह्यात नाल्याकाठी आमची दोन एकर काळी जमीन आहे. नाल्यात वरच्या अंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी मिसळते आणि त्यावरच आम्ही पालक, मेथी घेतो. भाजी जोमदार येते, मग जमिनीत शिसे किंवा कॅडमियम असा विषारी धातू साचला आहे असे कसे मानावे? मोहरी पेरल्यास जमीन शुद्ध होते, हे खरे आहे काय? – एक वाचक

उत्तर : भाजीच्या जोमावरून जमिनीची पारख करणे येथे फसवे ठरते. जस्त, लोह यांसारखी पोषकद्रव्ये मुळांत घेणाऱ्या वाहक प्रथिनांवाटेच कॅडमियम आत शिरते. मग वनस्पती ग्लुटाथायोन या गंधकयुक्त द्रव्यापासून फायटोकिलेटिन नावाच्या लहान साखळ्या तयार करते, त्यांत कॅडमियम जखडते आणि पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे घरातल्या अडगळीच्या खोलीतच म्हणा ना, कोंडून ठेवते. त्यामुळे पेशीचे काम चालू राहते, पान हिरवे दिसते आणि धातूसकट ताटात येते. शिसे बहुतांशी मुळांतच अडकते. पानांवर ते मुख्यतः धूळमातीबरोबर येते, म्हणून जुडी नीट धुतल्याने बरेचसे जाते. पेशीत कोंडलेले कॅडमियम मात्र धुऊन जात नाही.

आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास, म्हणजे किंचित अल्कधर्मी असतो आणि तिची चिकणमाती धातू घट्ट धरून ठेवते. ज्या गुणामुळे मराठवाड्यातील पिकांना जस्त कमी पडते, तोच येथे थोडेफार संरक्षण देतो. त्यावर विसंबून मात्र राहू नये.

मोहरी धातू शोषते हे खरे. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका झाडाचा चीक तर निळसर हिरवा असतो आणि वाळल्यावर त्याचा सुमारे चौथा हिस्सा निकेल भरतो! मोहरी त्या तोडीची नाही. शिवाय शोषलेला धातू नष्ट होत नाही, जमिनीतून झाडात येतो एवढेच. ते पीक उपटून शेताबाहेर सुरक्षित ठिकाणी न नेता गुरांपुढे टाकले, तर धातू गोठ्यात पोहोचतो. या वाटेने जमीन सुधारण्यास अनेक वर्षे लागतात, आणि नाल्याचे पाणी चालूच राहिले तर तेही व्यर्थ.

तेव्हा आधी ते पाणी बंद करावे आणि माती तपासणीचा अहवाल येईपर्यंत पालेभाजीऐवजी झेंडूसारखे पीक घ्यावे. मातीचा नमुना लोखंडी खुरप्याने न काढता लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साधनाने, शेतात नागमोडी चालत निरनिराळ्या जागांवरून घ्यावा. मृदा आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत शिसे व कॅडमियम नसतात, म्हणून त्यांची तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी लिहून मागावी.