"अजून तो तयार नाही हो, मॅडम"

"आधी नीट शिकू दे, मग नोकरीचं बघू." बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुण मुलामुलींना नोकरीला लावायचं काम मी करते. त्यांचे पालक भेटायला आले की पहिल्या अर्ध्या तासात हे वाक्य येतंच. त्यामागची भीती खरी असते. लोक हसतील, कुणी फसवेल, चार दिवसांत घरी पाठवतील आणि पोरगं खचेल. पण 'तयार' म्हणजे नक्की काय झालं की तयार, असं विचारलं तर उत्तर कुणालाच देता येत नाही.

ज्याची गोष्ट सांगतेय त्याला इथे दादा म्हणते, कारण त्याची धाकटी बहीण त्याला तशीच हाक मारते. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील थोडे बदललेत. वय २७. मध्यम बौद्धिक अक्षमता, जोडीला स्वमग्नतेची (ऑटिझमची) काही लक्षणं. बोलणं तुटक. पाचपर्यंत नीट मोजतो, पुढे गडबड. १८व्या वर्षापासून तो एका प्रशिक्षण केंद्रात जात होता. लिफाफे, मेणबत्त्या, कागदी पिशव्या. "या ९ वर्षांत तिथून किती जण बाहेर कामाला लागले?" मी विचारलं. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एक. त्याच्या काकांचा छापखाना होता."

मग मी दादाला विचारलं, तुला काय काम करायला आवडेल? उत्तर आईने दिलं. पुढच्या प्रश्नाचंही.

मेख अशी आहे की अशा मुलांना एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वापरणंच सगळ्यात अवघड जातं. लिफाफे चिकटवण्यात ९ वर्षं घालवली म्हणून गोदामात खोकी लावता येतील असं होत नाही. तिथली खोकी, तिथला आवाज, तिथली माणसं हे सगळं नव्याने शिकावंच लागतं. मग 'आधी तयारी, नंतर नोकरी' हा क्रमच उलटा करायचा. आधी जागा, मग त्या जागेवर शिकवणं. यात नवीन काही नाही. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला होता. कामाचे बारीक तुकडे पाडले, काही जणांसाठी भागांना रंगाच्या खुणा केल्या, आणि जमलं नाही तर शिकवण्याची पद्धत बदलली. विद्यार्थ्याला बोल लावला नाही. गोल्ड यांच्या कामातलं मला सगळ्यात पटलेलं हेच.

दादाची चाचणी वगैरे मी घेतली नाही. घरी जाऊन दोन तास बसले. त्याने वाळलेले कपडे घड्या घालून ठेवले, आणि कडा अशा जुळवल्या की पट्टीने आखल्यासारख्या. माझ्या चपला मी वाकड्या काढल्या होत्या, त्याही सरळ केल्या. "हे आवडेल का" असं त्याला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तो सगळ्यालाच हो म्हणतो. म्हणून त्याला तीन ठिकाणी नेलं. बागेत गवत कापायचं यंत्र सुरू झालं तशी त्याने कानात बोटं घातली. ग्रंथालयात जांभया दिल्या. एका रुग्णालयाच्या भांडारात मात्र कुणी काही सांगायच्या आत पुढे होऊन फडताळातलं तिरकं खोकं सरळ केलं.

त्या भांडाराच्या प्रमुखांना भेटायला वडीलही आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, "पगाराचं काही नाही साहेब, त्याला फक्त गुंतवून ठेवा." टेबलाखालून पाय मारायचाच काय तो बाकी ठेवला मी. बाहेर आल्यावर सांगितलं, काका, फुकट काम करणाऱ्याला कुणी त्याच्या चुका सांगत नाही. नीट केलं काय, नाही केलं काय, सारखंच. आणि फसवणुकीची तुम्हाला एवढी भीती वाटते, तर पहिली फसवणूक आपणच कशाला करायची? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. त्याच्या २७व्या कलमात सारख्या मोलाच्या कामाला सारखा मोबदला असं स्वच्छ लिहिलंय. पगार ठरला, इतरांच्याच दराने, रोज ४ तासांचा, दादाच्या स्वतःच्या खात्यात.

काम मात्र रिकामं पडलेलं नव्हतं, ते शोधून काढावं लागलं. ड्रेसिंगचे ट्रे परिचारिका आपल्या कामातून वेळ काढून भरत. तेवढंच आम्ही वेगळं केलं. गॉजचे ५ तुकडे, कापसाचे ८ बोळे, चिमटा, वाटी; मग सगळं कापडात गुंडाळायचं आणि निर्जंतुक करायला पाठवायचं. आठ मोजणं दादाच्या हातातलं नाही. म्हणून कामाच्या जागीच त्याच्यासोबत राहून शिकवणाऱ्या जॉब कोचने प्लास्टिकच्या चटईवर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली, बोळ्यांसाठी आठ गोल. सगळे आकार झाकले गेले की सामान पूर्ण, ते उचलून ट्रेमध्ये ठेवायचं. मोजायचा प्रश्नच उरला नाही.

अडलं ते शेवटच्या घडीपाशी. कापडाचं टोक आत खोचताना थोडं बाहेर ठेवायचं असतं, म्हणजे उघडणाऱ्याला तेवढंच धरून आतल्या सामानाला हात न लावता गाठोडं उलगडता येतं. दादाला ते बाहेर डोकावणारं टोक बघवेना. तो ते प्रत्येक वेळी नीटनेटकं आत दडपायचा. कोचने सांगून पाहिलं, हात धरून दाखवलं, चित्र लावलं. चौथ्या दिवशी तिने त्यानेच बांधलेलं एक गाठोडं त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "उघड. पण आत हात नाही लावायचा." तो बराच वेळ त्याच्याभोवती बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "टोक." त्यानंतर टोक कधी आत गेलं नाही.

माझी चूक पुढे झाली. कोचला मी फार दिवस त्याच्या शेजारी उभं ठेवलं. सातव्या आठवड्यातही भांडारातली माणसं तिलाच सांगत, "त्याला म्हणावं, तो ट्रे इकडे दे." दादा तिथेच, हातभर अंतरावर. कोचने पहिल्या आठवड्यापासूनच एकेक पाऊल मागे सरकायला हवं होतं. आधी पाठीमागे, मग दाराशी, मग नुसती फोनवर. आम्ही ते उशिरा केलं आणि तिथल्याच एका अनुभवी मावशींना काही अडलं तर बघायला सांगितलं. आठवडाभरात लोक थेट त्याच्याशी बोलू लागले.

आणि मग एक दिवस प्रमुखांचा फोन. कामाबद्दल तक्रार नव्हती. दादाने मधल्या सुट्टीत एका नवीन परिचारिकेला मिठी मारली होती. ती घाबरली, आणि घाबरणारच. २७ वर्षांचा उंचापुरा पुरुष, ओळखदेख नाही. केंद्रात तो रोज सगळ्या शिक्षिकांना मिठी मारायचा, त्यांनाही ते गोड वाटायचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो असाच भेटायचा. नऊ वर्षांत पिशव्या शिकवल्या, पण 'तू आता मोठा माणूस आहेस' हे त्याला कुणी शिकवलंच नाही. पहिल्या मुलाखतीत हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

आईला फार लागलं. "त्याच्या मनात काही वाईट नसतं हो. प्रेमाने जवळ जातो, ते चुकीचं कसं सांगू त्याला?" मी म्हटलं, ताई, त्याच्या मनात काय होतं हे तुम्हाला माहीत आहे, त्या मुलीला कसं कळावं? आपण आधी तिची माफी मागितली पाहिजे. ती आम्ही मागितली, दादानेही मागितली. 'चूक' हा शब्द न वापरता नियम केला: मिठी फक्त घरच्या चौघांना, बाकी सगळ्यांना लांबून हात हलवायचा. घरच्या चौघांचे फोटो एका कार्डावर लावले. कठीण भाग घरातला होता, कारण पाहुणे स्वतःच हात पसरतात. आईला दारातच सांगावं लागायचं, "नाही, आता तो हात हलवतो." एक मामा रुसले म्हणे. रुसू देत. रोजचं सगळीकडे सारखं झालं तसं तीन आठवड्यांत दादाने ते उचललं. त्या परिचारिकेने तक्रार पुढे नेली नाही. नेली असती तर तो तिचा अधिकार होता, हेही मी आईला सांगितलं होतं.

बसप्रवास बहिणीने शिकवला. आधी शेजारी बसून, मग तीन बाकं मागे, मग नुसती थांब्यावर. एकदा रस्ता बंद म्हणून बस वळवली आणि दादा शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. खिशातलं घरच्या फोन नंबरचं कार्ड ड्रायव्हरला दाखवलं, ड्रायव्हरने फोन लावून दिला. "म्हणूनच म्हणत होते," आई म्हणाली. मी म्हटलं, चुकला तेव्हा काय करायचं ते त्याला आलं, अजून काय हवं?

दीड वर्ष झालं. मागच्या आठवड्यात आईचा फोन आला, आवाज चिडलेला. "ट्रे नको म्हणतोय. कंटाळा आला म्हणे. कपडे धुतात तिथे जायचंय. हातचं काम कुणी सोडतं का हो?"

माझ्याही मनात आधी तेच आलं, कबूल करते. मग म्हटलं, दीड-दोन वर्षांनी कामाला कंटाळणारा तो काही पहिला नाही. प्रमुखांशी बोलायला सोमवारची वेळ घेतली आहे. दादा स्वतः सांगणार आहे. आईला मी बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलंय.