भाजक, विभाजक आणि ‘भाग जाणे’

प्रश्न असा आहे : १२ ला ५ ने भागलं तर ५ हा भाजक, पण तोच ५ हा १२ चा विभाजक नाही, असं का? दोन्ही शब्द एकच नव्हेत का? आणि जाता जाता विचारलं आहे की ‘मूळ संख्ये’तल्या मुळाचं वर्गमुळाशी काही नातं आहे का. (मूळ संख्या म्हणजे १ पेक्षा मोठी आणि १ व ती स्वतः सोडून कशानेही पूर्ण भाग न जाणारी, जशी ७.)

एकच नव्हेत. ज्याने भागायचं तो भाजक, मग बाकी उरो वा न उरो. बाकी शून्य आली तरच तो विभाजक. १२ भागिले ५, भागाकार २, बाकी २. इथे ५ भाजकच राहिला. १२ चे विभाजक सहाच : १, २, ३, ४, ६ आणि १२. पलीकडच्या बाजूलाही तेच. ज्याला भागायचं तो भाज्य, आणि ज्याला पूर्ण भाग जातो तो विभाज्य. म्हणून ३६ ही १२ ची विभाज्य संख्या, ४० नाही.

आता हा फरक त्या ‘वि’त शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. विभाग, विभक्त, विभाजन या शब्दांत बाकी उरण्या-न उरण्याचा विचार कुठेच नाही. गणिताच्या परिभाषेने दोन जवळचे शब्द घेतले आणि कामं वाटून दिली, इतकंच.

गंमत म्हणजे साध्या मराठीत हा फरक आधीपासून आहे. ‘१३ ला ५ ने भाग’ म्हटलं तर कुणीही भागून दाखवेल. पण ‘१३ ला ५ ने भाग जातो का?’ या प्रश्नाला तोच माणूस ‘नाही’ म्हणेल. भागणं कधीही जमतं, भाग मात्र गेला तर जातो. भाजक ‘भागणे’च्या घरचा, विभाजक ‘भाग जाणे’च्या. ‘निःशेष भाग जातो’ हे पुस्तकात ठीक आहे, बोलताना ‘निःशेष’ची गरज पडत नाही.

खरा घोटाळा लसावि-मसाविमध्ये होतो. लघुतम साधारण विभाज्य आणि महत्तम साधारण विभाजक : शेवटचा ‘वि’ दिसायला सारखा, पण शब्द दोन. १२ आणि १८ चा लसावि ३६, मसावि ६. ‘लघुतम’ मोठा आणि ‘महत्तम’ लहान! विभाजक संख्येपेक्षा मोठा होऊ शकत नाही आणि विभाज्य, शून्य वगळता, तिच्याहून लहान होऊ शकत नाही, हे ध्यानात असलं की उत्तरांची अदलाबदल होत नाही.

‘अवयव’ हा तिसरा शब्द. विभाजक आपण शोधतो किंवा लिहितो, अवयव मात्र ‘पाडतो’. १२ = २ × २ × ३ असे मूळ अवयव पाडले की २ दोनदा येतो; विभाजकांच्या यादीत तो एकदाच.

हिंदीत मूळ संख्येला ‘अभाज्य’ म्हणतात. मला ‘मूळ’ अधिक आवडतो. अभाज्य म्हटलं की भागताच येत नाही असं वाटतं, आणि ७ ला तर १ ने आणि ७ ने भाग जातो. मूळ म्हणजे जिच्यापासून बाकीच्या बनतात ती. युक्लिडचा ग्रीक शब्दही ‘पहिली’ याच अर्थाचा. ‘सहमूळ’ मात्र थोडा फसवा आहे : ८ आणि १५ सहमूळ आहेत, पण दोघांतली एकही मूळ नाही; १ सोडून सामाईक विभाजक नाही, एवढाच अर्थ. अशा जोडीला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ‘दृढ’ म्हटलं आहे. त्या शब्दाने हा गोंधळ झाला नसता.

वर्गमुळाशी शब्द म्हणून नातं आहे ते एवढंच की मूळ शब्द दोन्हीकडे एकच. वर्गमूळ म्हणजे वर्ग ज्यातून उगवला ती संख्या. पण कामात दोघांची गाठ पडते. ९७ मूळ आहे का? २, ३, ५, ७ ने भाग जात नाही. पुढे ११ पाहायचा का? नको. ११ ने भाग गेला असता तर जोडीदार ९ पेक्षा लहान असता, आणि तो किंवा त्याचा एखादा मूळ अवयव आधीच सापडला असता. ९७ चं वर्गमूळ १० च्या आत आहे, तिथवरच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. ९१ ला मात्र सातशी थांबावं लागतं. तेरा साते एक्क्याण्णव. पाढे दहापर्यंतच म्हटलेले असले तर ती हमखास मूळ वाटते.