खबऱ्या कोर्टात येत नाही, मग त्याची बातमी तपासायची कशी?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाच्या खोलीवर छापा घालून पोलिसांनी ६० ग्रॅम एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) दाखवलं आहे. कागदात फक्त ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली’ एवढंच आहे. त्या बातमीदाराचं नाव आम्हाला मिळेल का?

उत्तर: नाही मिळणार, ताई. बातमी कुठून आली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही. एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम ६८ तसं म्हणतं. पण जो माणूस साक्षीला उभाच राहत नाही, त्याचं म्हणणं भावाविरुद्ध पुरावा म्हणूनही धरता येत नाही. गुन्हा शाबीत व्हायचा तो झडती, पंच, सील आणि रासायनिक अहवाल यांवरच.

एमडी ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक मात्रा होते. शिक्षा किमान १० वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीनही फार अवघड. म्हणून आधी कलम ४२ चे कागद बघा. घरात शिरण्यापूर्वी बातमी लेखी नोंदवावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे जावी लागते. करनैल सिंग खटल्यात (२००९) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की उशिराचा समाधानकारक खुलासा चालेल, पण नोंदच केली नसेल तर ते मान्य होणार नाही.

ही नोंद शब्द न् शब्द वाचा. मी चालवलेल्या एका खटल्यात दुपारच्या बातमीच्या नोंदीत मोटारसायकलचा नंबर होता, रात्रीच्या पंचनाम्यातही होता, आणि दोन्हीकडे शेवटचे दोन आकडे सारखेच उलटे. बातमीदार चुकला असं धरू. पण पंचांसमोर तर गाडी उभी होती! उलटतपासणीत हे विचारलं तेव्हा अधिकाऱ्याला उत्तर देता आलं नाही. एक कागद दुसऱ्यावरून उतरवला होता, हे माझं मत आजही कायम आहे.

प्रश्न: पोलिसांनी पंटर (बनावट गिऱ्हाईक) पाठवून माझ्या मुलाकडून गांजा विकत घेतल्याचं दाखवलं. साक्षीदारांच्या यादीत पंटरच नाही. हे चालतं का?

उत्तर: इथे मामला वेगळा आहे. नुसती बातमी देणारा आणि सौद्यात स्वतः उतरलेला, या दोघांना एकाच मापाने मोजू नये. पंटर हा घटनेचा साक्षीदार आहे. पैसे कुणी दिले, पुडी कुणाच्या हातातून आली, हे सगळ्यात जवळून त्यानेच पाहिलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोव्हियारो खटल्यात (१९५७) याच कारणासाठी खबऱ्याची ओळख लपवणं चूक ठरवलं. तिथे शिकागोत खबऱ्या गाडी चालवत होता आणि एक पोलीस त्याच गाडीच्या डिकीत लपून बोलणं ऐकत होता. डिकीतून ऐकू येतं, दिसत नाही.

आपल्याकडे पंटरला न तपासल्याने खटला आपोआप पडत नाही. मात्र हाताशी असलेला साक्षीदार सरकार पक्षाने का दडवला, असा प्रतिकूल निष्कर्ष काढायची मुभा न्यायालयाला आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ वर वकिलांना जोर द्यायला सांगा. शिवाय बातमीदारांना बक्षीस द्यायचं सरकारी धोरण आहे, तेव्हा पंटरला काय मिळालं हाही रास्त प्रश्न आहे.

प्रश्न: दुसऱ्या आरोपीने जबाबात माझं नाव घेतलं, एवढ्यावर मला अटक झाली. माझ्याकडे काहीच सापडलं नाही.

उत्तर: सर्वोच्च न्यायालयाचा तोफान सिंग निकाल (२९ ऑक्टोबर २०२०) तुमच्या बाजूचा आहे. एनडीपीएसच्या कलम ६७ खाली अधिकाऱ्याने घेतलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, असं दोन विरुद्ध एक बहुमताने ठरलं. पण फोनचे तपशील आणि पैशांचे व्यवहार जुळले तर तो स्वतंत्र पुरावा होतो. ते वकिलांपासून लपवू नका.

प्रश्न: शेजाऱ्याने वैरापोटी खोटी बातमी दिली आणि घराची झडती झाली. काही करता येईल?

उत्तर: येईल. जाणूनबुजून, द्वेषाने खोटी बातमी देऊन झडती किंवा अटक घडवून आणणाऱ्याला कलम ५८ खाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण बातमी त्यानेच दिली हे सिद्ध करताना तेच कलम ६८ आडवं येतं. झडतीत काही सापडलं नाही, असं लिहिलेल्या पंचनाम्याची प्रत आधी हातात घ्या.