नातवंडांना घेऊन समुद्रावर पहिल्यांदाच निघालात?

आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवा. त्या रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणजे कालचा हिशेब आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त वर चढतं. पहिल्या वर्षी मी चपला नि टॉवेल वाळूवर ठेवून निवांत बसले होते. अर्ध्या तासात दोन्ही गेले!

पाण्यात मुलं तुमच्या हाताच्या अंतरावरच हवीत. हवा भरलेल्या रिंगवर विसंबू नका, ती वाऱ्याने आत वाहत जाते. लाटांच्या मध्ये एखादा पट्टा शांत दिसला की मुलांना तिथेच जावंसं वाटतं, पण बरेचदा आत खेचणारा प्रवाह तिथेच असतो. त्यात कुणी सापडलंच तर प्रवाहाशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं. तुम्ही मात्र मागोमाग उडी मारू नका; जीवरक्षकाला हाक मारा.

दुपारी 11 ते 4 घरातच. पत्ते न्या, जुने चालतील. सनस्क्रीन दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

आणि हो, रोज सगळ्यांबरोबर धावायची गरज नाही. एक दुपार आईबाबांवर सोपवून खुशाल झोपा.