चालेल का, पण कुणाला?

‘तारा लावून आठच महिने झालेत आणि आता दिवस गेलेत. चालेल का मॅडम?’

मी समुपदेशक आहे, गरोदर बायकांशी बोलणं हे माझं रोजचं काम. पूर्वी हा प्रश्न क्वचित कानावर यायचा, कारण दातांना तारा म्हणजे शाळकरी वयातलं काम अशीच समजूत होती. आता पंचविशी-तिशीतल्या कितीतरी जणी स्वतःच्या पगारातून हे उपचार सुरू करतात. त्याला साधारण दीड ते दोन वर्षं लागतात आणि मूल होण्याचं वयही तेच. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुणीतरी ओठ मिटून, संकोचानं हे विचारतंच.

बहुतेकींचं समाधान दहा-पंधरा मिनिटांत होतं. एकीचं मात्र झालं नाही, आणि तिच्यामुळे मी हा प्रश्न नीट ऐकायला शिकले. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. हातात टिचबटणाची प्लॅस्टिकची फाइल, आणि फाइलमध्ये दोन कागद. एक ऑर्थोडॉन्टिस्टचा, म्हणजे तारा लावणाऱ्या दंतवैद्याचा, आणि एक गायनॅकचा. उपचार चालू ठेवायला हरकत नाही, असं दोघांनीही लिहून दिलेलं. घड्या घालून-उलगडून कागदांच्या कडा मऊ पडल्या होत्या. “मला अगं-तुगंच करा,” म्हणाली आणि लगेच विचारलं, “पण खरंच चालेल ना?”

पहिल्या भेटीत मी जे कुणीही करावं तेच केलं, माहिती दिली. मी दंतवैद्य नाही, पण या दोन्ही शाखांच्या डॉक्टरांबरोबर काम करताना जे पक्कं कळलंय ते सांगते. तारेचा जोर जबड्याबाहेर जात नाही. तार दाताला हलका पण सतत दाब देते. दाब पडतो त्या बाजूचं हाड थोडं विरतं, मागच्या बाजूला नवं भरतं आणि दात महिन्याला जेमतेम एखादा मिलिमीटर सरकतो. बाळापर्यंत यातलं काही पोचत नाही. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हाही गैरसमजच. आहारातून कमी पडलं तर ते हाडांमधून घेतलं जातं, दातांमधून नव्हे.

खरी जपायची गोष्ट आहे हिरड्यांची. हॉर्मोन्समुळे गरोदरपणात निम्म्याहून जास्त जणींच्या हिरड्या सुजतात, ब्रश लागला की रक्त येतं. त्यात ब्रॅकेटभोवती, म्हणजे दाताला चिकटवलेल्या, तार धरून ठेवणाऱ्या तुकड्याभोवती, अन्न अडकतं. रक्त दिसलं की बायका घाबरून ब्रश करणंच कमी करतात आणि सूज आणखी वाढते. करायचं नेमकं उलटं: मऊ ब्रश, तारेखालून फिरणारा बारीक ब्रश, आणि दंतवैद्याकडून दात साफ करून घेणं. ही सफाई गरोदरपणात करता येते. उलटी झाल्यावर मात्र लगेच ब्रश करू नये. पोटातल्या आम्लानं दातांचं वरचं कवच तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं, ते घासलं तर झिजतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या-पाऊण तासानं ब्रश करावा. तारांऐवजी काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, असतील तर उलटीच्या वेळी काढून, धुऊन मग परत घालावेत.

एक्स-रेबद्दल तिनं तीनदा विचारलं. दातांच्या एक्स-रेतले किरण फार थोडे असतात. निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतात, साधारण तेवढेच. आवश्यक असेल तर तो गरोदरपणात काढता येतो, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्येच स्पष्ट केलंय. तरीही नुसती प्रगती बघण्यासाठीचा एक्स-रे बाळंतपणानंतर काढला तर काही बिघडत नाही. दात काढणं, जबड्यात स्क्रू बसवणं, शस्त्रक्रिया हेही शक्यतो पुढे ढकलतात. तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस ठणकतं, त्यावर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी. आयब्युप्रोफेन हे दुसरं वेदनाशामक आपल्या मनानं घेऊ नये. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर या गटातली औषधं टाळा, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०२० मध्ये दिला आहे.

तिनं सगळं लिहून घेतलं आणि पुढच्या भेटीत नवे नऊ प्रश्न घेऊन आली. तारेतला निकेल? ब्रॅकेट चिकटवायचं रसायन? खुर्चीत उताणं झोपल्यावर बाळावर भार? (हा शेवटचा रास्त होता. पोट वाढलं की उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि चक्कर येते. उजव्या कुशीखाली छोटी उशी घेऊन डावीकडे थोडं कलायचं.) मीही चिकाटीनं उत्तरं देत राहिले. आज वाटतं, तिथं माझी एक भेट वाया गेली. एकाच प्रश्नाला तीन जणांनी तेच उत्तर दिलं आणि तरी तो सुटत नसेल, तर अडलेलं दुसरीकडेच असतं, हे मला एव्हाना उमगायला हवं होतं.

तिसऱ्या भेटीत ती बसली, फाइल मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “म्हणजे चालेल ना, मॅडम?”

मी विचारलं, “कुणाला?”

“म्हणजे?”

“बाळाला चालतं, ते दोघांनी लिहून दिलंय. तुझ्या दातांनाही चालतं. मग आता कुणाला चालेल का, असं विचारते आहेस?”

ती काही बोलली नाही. फाइलचं टिचबटण लावलं, उघडलं, परत लावलं. अशा वेळी मीही बोलत नाही. ही शांतता मोडायची नसते, एवढं इतक्या वर्षांत मला नक्की जमलंय. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “सासूबाई काही बोलत नाहीत. पण मी बोलायला लागले की तारांकडे बघतात.”

“आणि?”

“आणि काही नाही.” पुन्हा टिचबटण. “सातवीत असताना शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला तारा लावा. तेव्हा दादाच्या कॉलेजची फी होती. नाही कुणीच म्हणालं नाही हो. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. दर वर्षी पुढच्या वर्षी बघू. शेवटी मी माझ्या पगारातून लावल्या. आणि आता बाळ येणार तर…”

“तर?”

“तर परत तेच. पुढच्या वर्षी बघू.”

“हे आता कोण म्हणतंय?”

तिनं मान वर केली. “कुणीच नाही,” ती म्हणाली, “मीच.” आणि रडली.

मनाला टोचणारी भावना कुठल्यातरी वाक्यावर उभी असते, असं मी फार पूर्वीपासून मानत आले आहे. ते वाक्य माणसानं स्वतःच्या तोंडून ऐकलं की त्याची पकड ढिली होते. समुपदेशकानं ते सांगून उपयोग नसतो. तिच्या बाबतीत मी एकच शब्द विचारला, आणि तो योग्य वेळी विचारला याचं मला आजही समाधान आहे. आपल्या भाषेतलं ‘चालेल का’ दोन कामं करतं: त्यात ‘धोका नाही ना’ असतं आणि ‘परवानगी आहे ना’ही असतं. पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच कागदावर मिळत नाही, म्हणून तिच्या कागदांच्या कडा मऊ पडल्या होत्या. तेव्हापासून कुणी ‘चालेल का’ म्हणालं, की मी आधी कुणाला ते बघते.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. उपचार थांबवणं म्हणजे हार नव्हे. सततच्या उलट्यांनी बेजार झालेल्या आणि हिरड्या ब्रॅकेटवर चढलेल्या एकीनं डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही महिने जोर न देणारी तार ठेवून उपचार थांबवले, आणि अगदी बरोबर केलं. मुद्दा निर्णय कशावरून घेतला याचा आहे. तोंडाची अवस्था बघून घेतला तर दोन्ही निर्णय ठीकच. ‘आता माझं कुठलं काय’ या भावनेतून घेतला तर मात्र तो पुढे सलत राहतो, आणि कधीतरी मुलाला ऐकवला जातो: तुझ्यासाठी मी अमुक सोडलं. असं ऐकत वाढलेली माणसंही माझ्यासमोर बसतात.

पुढच्या भेटी सोप्या गेल्या. तिनं उपचार चालू ठेवायचं ठरवलं, पण हलक्या तारेवर, भेटींमध्ये जास्त अंतर ठेवून. माझ्या आग्रहानं तिनं दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावलं. हे प्रत्येकीनं करावं. ऑर्थोडॉन्टिस्टला गरोदरपणाची बातमी पहिल्या काही आठवड्यांतच द्यायला हवी. अनेक जणी पोट दिसेपर्यंत लपवतात, आणि तोवर एखादा एक्स-रे किंवा दात काढायची तारीख ठरून गेलेली असते. शेवटच्या महिन्यात एकदा सगळं तपासून घ्यावं. सैल ब्रॅकेट, टोचणारं तारेचं टोक तेव्हाच नीट करून घ्यावं, कारण त्यानंतर बरेच दिवस दवाखान्यात जाणं होत नाही.

सासूबाईंशीही ती बोलली. त्या तारांकडे बघायच्या हे खरं होतं. “तुला चावता येत नाही, मग पोटात काय जात असेल, एवढंच येतं माझ्या मनात,” त्या म्हणाल्या. तार घट्ट केल्यावरच्या दोन-तीन दिवसांत ती खरोखरच जेमतेम खात होती आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं तिला वाटत होतं. त्या दिवसांसाठी मऊ पण सकस काय करायचं, ते दोघींनी मिळून ठरवलं.

बाळंतपणानंतर दहाव्या आठवड्यात ती तार बदलायला गेली. येताना बाळाला घेऊन माझ्याकडे डोकावली. दात अजून दुखत होते, बाळ खांद्यावर झोपलं होतं, आणि फाइल आणलेली नव्हती.