केर्न्सचा संघ टिकला, मोठ्या टाउन्सव्हिलचा का नाही?

दीड-दोन लाख वस्तीचं, दमट हवेचं शहर व्यावसायिक बास्केटबॉल संघ पोसू शकेल का, असा तुमचा प्रश्न आहे. पोसू शकतं. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडचं केर्न्स, म्हणजे साताऱ्याहून थोडंसंच मोठं शहर, 1999 पासून 'टायपॅन्स' हा संघ राष्ट्रीय लीगमध्ये चालवतंय. पण नुसत्या लोकसंख्येवरून अंदाज बांधलात तर फसाल. तिथून साडेतीनशे किलोमीटरवरचं टाउन्सव्हिल केर्न्सपेक्षा मोठं. त्याचा संघ 1993 साली, म्हणजे आधीच, लीगमध्ये आला होता. तो 2016 मध्ये बाहेर पडला.

दोन्हीकडचं सभागृह साधारण पाच हजार खुर्च्यांचं, हवाही बरीचशी सारखी. माझ्या मते फरक प्रायोजकांच्या खिशात होता. टाउन्सव्हिलला 1995 पासून रग्बी लीगचा काउबॉइज संघ आहे, आणि 2015 मध्ये तर तो विजेताच ठरला. दोन्ही खेळांचे हंगाम वेगळे असले तरी गाडीविक्रेता किंवा बांधकाम कंत्राटदार जाहिरातीचा पैसा वर्षातून एकदाच बाजूला काढतो, आणि तो आधी रग्बीकडे जातो. त्यात 2016 च्या सुरुवातीला तिथला निकेल शुद्धीकरण कारखाना बंद पडून शेकडो नोकऱ्या गेल्या. केर्न्समध्ये त्या दर्जाचा दुसरा संघच नाही. शहर निवडताना ही गोष्ट सर्वांत आधी बघा.

तिकिटांचा हिशेब असा: 28 सामन्यांचा हंगाम धरला तर 14 घरच्या मैदानावर. दर सामन्याला 4,500 लोक धरले तर 63,000 तिकिटं. दीड लाखाच्या गावात एवढे वेगवेगळे लोक मिळत नाहीत, तेच तेच लोक पुन्हा यावे लागतात. म्हणून निम्म्या खुर्च्या तरी सीझन तिकिटांवर आधीच विकलेल्या हव्यात. पर्यटकांवर भिस्त ठेवू नका, कारण त्यांची गर्दी जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत असते आणि लीगचा मुख्य काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे बराचसा तिथल्या पावसाळ्यात. याचा फायदाही आहे. परिषदांची वर्दळ कमी असल्याने सभागृह मिळतं, आणि समुद्रात डंख मारणाऱ्या जेलीफिशचा काळ असल्यामुळे स्थानिकांना संध्याकाळी गार जागेत बसायला आवडतं. सभागृह मात्र संघाने स्वतः बांधू नये. केर्न्सचं सभागृह म्हणजे परिषदांसाठीचं सरकारी कन्व्हेन्शन सेंटर आहे, संघ तिथे सामन्यांपुरता जातो.

आता दमट हवा. इथे नवखे हमखास चुकतात. बसलेला प्रेक्षक साधारण 110 वॉट उष्णता सोडतो. पाच हजार लोकांचे 550 किलोवॉट, म्हणजे फक्त माणसांसाठीच दीडशे टनांहून जास्त एसी लागतो. दिवे आणि छताची उष्णता वेगळी. पण खरा धोका कोर्टवर पाणी सुटण्याचा. जानेवारीत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, 24 अंशांच्या आसपास असतो. आयोजक दुपारपासून हॉल 20 अंशांवर गोठवून ठेवतात, मग सगळी दारं उघडतात. बाहेरची हवा थंड लाकडाला टेकली की ओलसर थर धरतो, खेळाडू घसरतात, सामना थांबतो. उपाय म्हणजे हॉल 24 अंशांवर आणि आर्द्रता 50 टक्क्यांवर आदल्या दिवसापासून सलग धरायची, प्रवेशाला एकामागे एक दोन दारं ठेवायची आणि आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवायचा.

कोर्ट 28 बाय 15 मीटर. भोवती दोन-दोन मीटर मोकळी जागा धरली तर 608 चौरस मीटर, म्हणजे 4 बाय 8 फुटांचे दोनशेहून जास्त मेपलचे पॅनेल. परिषदेसाठी ते उचलून बिगर-एसी गोदामात ठेवले की फुगतात आणि परत जोडताना सांधे बसत नाहीत. गोदामालाही तीच आर्द्रता द्या.

प्रवासाचा खर्च फारसा कमी करता येत नाही. राज्यातला दुसरा संघ फक्त ब्रिस्बेनचा, तोही सुमारे 1,400 किलोमीटरवर. 18 जणांचा चमू 14 वेळा बाहेर म्हणजे 252 परतीची तिकिटं, म्हणून दोन-दोन सामने एकाच फेरीत घेण्यासाठी लीगशी आधीच बोलून ठेवावं. वादळांसाठी मोकळे दिवसही हवेत. डिसेंबर 2023 मध्ये जॅस्पर वादळानंतरच्या पुराने केर्न्सचा विमानतळच बंद पडला होता.

एवढं करूनही एखादं वर्ष खड्ड्यात जातंच. टायपॅन्स 2008 च्या अखेरीला दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. गावाने पैसे उभे केले, संघ लोकांच्या मालकीचा झाला आणि 2011 मध्ये अंतिम फेरीत पोहोचला. गावाला संघ आपला वाटतो त्यामागे स्थानिक खेळाडूही आहेत. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या लीगमध्ये, खेळलेला पहिला मूलनिवासी ऑस्ट्रेलियन नेट जवाई केर्न्सच्या उत्तरेकडच्या केप यॉर्क द्वीपकल्पाच्या टोकावरच्या बामागात वाढला आणि टायपॅन्सकडून खेळला.

तुमच्या डोक्यात नवीन शहर असेल तर थेट वरच्या लीगमध्ये उडी घेऊ नका. ऑस्ट्रेलियाच्याच उत्तरेकडच्या डार्विन शहराने 2022 मध्ये 'सॉल्टीज' हा संघ एनबीएल-वन नॉर्थ या खालच्या, अर्धव्यावसायिक लीगमध्ये उतरवला. ती लीग कोरड्या ऋतूत चालते, त्यामुळे वादळं आणि ओलं कोर्ट ही दोन्ही डोकेदुखी बरीच कमी. तिथे तीन हंगाम सीझन तिकिटं विकून बघा. दुसऱ्या हंगामात किती लोक तिकीट पुन्हा घेतात, तो आकडा लिहून ठेवा. पुढचं बोलणं त्यावरच करता येईल.